जुने घर मधोमध ठेवून भोवती दुकाने, कार्यालये आणि सदनिका: करारापूर्वी काय ठरवून घ्यावे?

वासरी | ३ जून, रात्री ९.४०

नमस्कार. म्हापशात बाजारापासून चालत दहा मिनिटांच्या अंतरावर आमचे वडिलोपार्जित चौकी घर आहे. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, मंगळुरी कौले, मधल्या चौकात तुळशीवृंदावन, रस्त्याच्या बाजूला लांब वासरी म्हणजे पडवी आणि मागे सुमारे चार हजार चौरस मीटर भाट म्हणजे माडांची बाग, असा त्याचा विस्तार आहे. सध्या घरात माझी काकू एकटीच राहते. आम्ही अकरा सहहिस्सेदार असून त्यांतील काही मुंबईत, एक पोर्तुगालमध्ये आणि बाकीचे पणजी-पर्वरीत आहेत. आजोबांच्या पश्चात सुरू झालेला इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांमधील वाटणीचा, दावा गेल्या वर्षी एकदाचा निकाली निघाला आणि लगेचच एका बांधकाम व्यावसायिकाचा प्रस्ताव आला. घर पाडायचे नाही; भाटात तीन इमारती उभ्या करायच्या, खाली दुकाने, पहिल्या मजल्यावर कार्यालये आणि वर सदनिका, असा तो प्रस्ताव आहे.

घर पाडले जाणार नाही हे ऐकून घरातील बहुतेकांना हायसे वाटले. मला मात्र नकाशा पाहिल्यापासून झोप लागत नाही. त्या नकाशात आमच्या घराच्या चौकोनावर फक्त ‘क्लब हाऊस’ असे लिहिले आहे, आणि नवी इमारत मागच्या न्हाणीच्या भिंतीपासून जेमतेम चार मीटरवर दाखवली आहे. आमच्याच वाड्यावर, म्हणजे वस्तीत, काही वर्षांपूर्वी एका घराचा दर्शनी भाग ठेवून मागचे सारे काढून टाकले गेले होते. दोन पावसाळ्यांत त्या भिंतीचा गिलावा सुटला, तिसऱ्या पावसाळ्यात तिला लोखंडी टेकू द्यावे लागले, आणि आता ती कशासाठी उभी आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमचे साठेक माणसांचे कुटुंब या घरात जमते. वासरीच्या तुळईला माटोळीसाठी, म्हणजे गणपतीवर फळे-फुले टांगायच्या मांडवीसाठी, कड्या आहेत आणि त्या आजोबांच्याही आधीपासून तिथे आहेत. हे सारे टिकवून नवी वस्ती कशी वसवावी, आणि करारात नेमके काय लिहून घ्यावे, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

चिरेबंदी | ३ जून, रात्री ११.१५

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात बरीच वर्षे आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. अशा प्रकल्पांत चर्चा नेहमी दर्शनी भागापासून सुरू होते. ती पाण्यापासून सुरू व्हायला हवी, कारण आपल्याकडे जुनी घरे माणसांच्या हातून जितकी जातात तितकीच पाण्यानेही जातात.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जुलैत एका दिवसात १०० मिलिमीटर पडणे ही नवलाची गोष्ट नाही. तुमच्या चार हजार चौरस मीटर भाटावर अशा एका दिवसात चार लाख लिटर पाणी पडते. आज त्यातील बरेचसे माडांच्या आळ्यांत आणि मातीत मुरते. उद्या तीन इमारतींची छपरे, वाहनतळ आणि फरशी घातलेले अंगण झाले की तेच पाणी उताराकडे धावणार. तुमचे घर त्या उतारावर नेमके कुठे बसते, हे आधी मोजून घ्या. घर खालच्या अंगाला असेल तर नव्या बांधकामाचे पाणी त्याच्या पायात जाईल आणि मग भिंती कितीही प्रेमाने रंगवल्या तरी त्यांना खालून ओल चढत राहील.

दुसरी गोष्ट पायाची. चिऱ्यांच्या जुन्या घरांचा पाया उथळ असतो. शेजारी वाहनांसाठी तळघर खणले की कडेची माती सैल होते, विहिरीचे पाणी उतरते आणि भिंत किंचित बसते. तेवढेही तिला पुरते. म्हणून खोदकामाआधी घरातील प्रत्येक भेगेचे तारीख टाकून छायाचित्र काढून ठेवावे आणि मोठ्या भेगांवर चुन्यात काचेच्या पट्ट्या बसवाव्यात. भेग हलली की काच तडकते आणि काम त्याच दिवशी थांबवता येते. हे काम स्वस्त आहे. ते करून घेण्याची अट मात्र करारात हवी, कारण एकदा यंत्रे आली की कोणी थांबत नाही. घराच्या जवळच्या पट्ट्यात ठोकून बसवायचे खांब नकोत, भोक पाडून ओतायचे चालतील, हेही लिहून घ्या.

तिसरी गोष्ट सिमेंटची. चिरा पाणी शोषतो आणि ते बाहेर सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला ते करू देतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की पाणी आतच अडकते, क्षार फुलतात आणि चिऱ्याचा पृष्ठभाग भुगा होऊन पडू लागतो. तुमच्या वाड्यावरच्या त्या भिंतीचे नेमके काय झाले असेल ते मी न पाहताही सांगू शकतो. छप्पर काढल्यावर भिंतीची डोकी उघडी पडली असतील, आणि ती झाकायला कोणीतरी सिमेंट वापरले असेल.

पर्वरीचा भाडेकरू | ४ जून, सकाळी ८.०५

चर्चा चांगली चालली आहे, पण एक बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. मी आणि माझी पत्नी दोघेही नोकरी करतो आणि गेली सात वर्षे भाड्याच्या घरात राहतो. म्हापसा, पर्वरी आणि पणजीत सामान्य पगारात सदनिका घेणे आज किती कठीण झाले आहे हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शहराच्या मध्यावर, बसस्थानक आणि बाजार चालत गाठता येईल अशा जागी चार हजार चौरस मीटर भूखंड असेल, तर तिथे घरे व्हायला हवीत. ती तिथे झाली नाहीत तर डोंगर कापून आणि शेते बुजवून होतील. वासरी यांच्या घराबद्दल मला आदर आहे. तरीही ‘काहीच उंच नको’ असा सूर लागू नये, एवढीच विनंती.

चिरेबंदी | ४ जून, दुपारी १.३०

आपला मुद्दा पूर्णपणे मान्य आहे. मोकळ्या भाटात काहीही बांधू नये असे मी म्हणणार नाही. उंचीचा प्रश्न भावनेवर सोडण्याऐवजी तो आकड्यांत मांडता येतो, आणि मांडल्यावर तो बराच सुटतो.

समजा, घराचा आढा, म्हणजे छपराचा माथा, जमिनीपासून ८ मीटर उंच आहे आणि समोरच्या रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभ्या असलेल्या माणसापासून तो १२ मीटरवर आहे. माणसाचा डोळा दीड मीटरवर धरला तर दृष्टिरेषा १२ मीटरांत साडेसहा मीटर चढते. तीच रेषा आढ्याच्या मागे १० मीटर नेली तर तिची उंची सुमारे १३.४ मीटर होते, आणि २० मीटर नेली तर सुमारे १८.८ मीटर. म्हणजे घरामागे २० मीटरवर पाच मजल्यांची इमारत उभी राहिली तरी समोरून चालणाऱ्याला आढ्यावर आकाशच दिसेल. तीच इमारत चार मीटरवर आणली तर १० मीटरच्या वरचे सारे घराच्या डोक्यावर बसलेले दिसेल. मागे सरका आणि उंच जा, असा हा सरळ व्यवहार आहे.

मात्र रेषा कुठून मोजायची हे आधी ठरवावे लागते. हीच रेषा आढ्यापासून ३० मीटरवरच्या तिठ्यावरून मोजली तर २० मीटर मागे फक्त १२.३ मीटर उंची मिळते. घर लोकांना प्रत्यक्षात कुठून दिसते, देवळाकडून येताना की बाजाराकडून येताना, हे वाड्यावरच्या माणसांना विचारून दोन-तीन ठिकाणे निश्चित करा आणि ती नकाशावर नोंदवा.

गिरणगाव | ४ जून, रात्री १०.२०

मी मुंबईहून लिहितो; आईचे माहेर डिचोलीचे असल्यामुळे हा धागा वाचत होतो. आमच्याकडे जे झाले ते लक्षात घेण्यासारखे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे व्हायचे होते: एक मोकळ्या जागेसाठी, एक परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मध्ये त्या नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. जिच्यावर शेड उभ्या होत्या ती जमीन हिशेबातून बाहेर गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. शहराला मिळणारी जमीन फारच थोडी उरली.

लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला आणि धुराडे उभे राहिले. त्या धुराड्याकडे पाहताना मला नेहमी वाटते की वारसा म्हणून आपण फक्त उंच आणि ओळखू येणारी वस्तू ठेवली. पाळ्या, खानावळी, चाळी आणि गिरणीच्या भोंग्यावर चालणारा दिवस यांतले काहीच ठेवले नाही. वासरी, तुमच्या माटोळीच्या कड्या हा मला या धाग्यातील सर्वांत महत्त्वाचा तपशील वाटतो. त्या कड्या तुळईसकट राहिल्या आणि चवथीला तिथे माटोळी बांधायला मनाई झाली, तर काय राहिले?

मुंबईत १९९५ पासून वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियम आहेत. वापरता न आलेले बांधकामाचे हक्क त्यांत दुसरीकडे हस्तांतरित करता येतात. तुमच्या बाबतीत त्याची फारशी गरज दिसत नाही, कारण तुमचे हक्क त्याच भूखंडाच्या मागच्या भागात बसतात. घर लहान आणि भाट मोठे, ही तुमची फार मोठी सोय आहे.

मळ्यातली | ५ जून, सकाळी ७.५०

मी पणजीच्या फोंताइन्हास या जुन्या वस्तीला लागून असलेल्या मळा भागात लहानाची मोठी झाले आणि अजूनही तिथेच राहते. आमच्या भागात संवर्धनाचे नियम असल्यामुळे घरे उभी राहिली, याबद्दल मनापासून कृतज्ञता आहे. बाहेरच्या भिंती, सज्जे आणि कौले राखण्याकडे जेवढे लक्ष गेले, तेवढे आत कोण राहील याकडे गेले नाही. एकेक करून घरे अतिथिगृहे आणि कॅफे झाली. सकाळी दार उघडले की पायरीवर कोणीतरी छायाचित्रासाठी उभे असते. माझ्या सासूबाई आता समोरच्या सोप्यावर बसत नाहीत. चाळीस वर्षे त्या संध्याकाळी तिथे बसत होत्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलत होत्या, आणि गल्लीवर एक प्रकारे त्यांची नजर असायची.

म्हणून माझा आग्रह असा आहे की घराचा सगळा भाग पाहुण्यांच्या उपयोगाला देऊ नका. निदान एका खोलीत कोणीतरी कायम राहणारे असावे. रात्री दिवा लागला पाहिजे. वासरी, तुमच्या काकूंना काय हवे आहे हे कोणी विचारले आहे का?

वासरी | ५ जून, रात्री ९.१०

आपला प्रश्न वाचून मी आजच म्हापशाला जाऊन आलो. खरे सांगायचे तर अकरा सहहिस्सेदारांच्या बैठका झाल्या, पण काकूला कोणी वेगळे बसवून विचारले नव्हते, आणि त्याचे मला वाईट वाटले. काकू म्हणाली की तिला स्वयंपाकघर, त्याला लागून असलेली खोली आणि मागची न्हाणी एवढे पुरेसे आहे. तुळशीला सकाळी पाणी घालायला तिला चौकात कोणाची परवानगी घ्यावी लागू नये. बाकीच्या घरात माणसे आली तर तिला आवडेल, कारण पावसाळ्यात ते रिकामे घर तिला फार मोठे वाटते.

आता प्रश्न असा आहे की ‘क्लब हाऊस’ नको तर काय? व्यावसायिकाचे म्हणणे असे की सदनिका घेणाऱ्यांना व्यायामशाळा आणि मेजवान्यांसाठी दालन लागते, आणि जुने घर त्याला शोभून दिसेल.

पारंब्या | ६ जून, सकाळी ११.००

मी नगररचनेचे काम करतो. हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून लांबण लागली तर क्षमा असावी.

मिश्र वापर म्हणजे दुकानांवर घरे बांधणे, अशी आपली समजूत झाली आहे. खरी गोष्ट वेळेची आहे. एखाद्या आवारात सकाळी सात, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री नऊ या चारही वेळी वेगवेगळ्या कारणांनी माणसे असली तर ते आवार नीट चालते. म्हापशाच्या बाजाराचेच पाहा. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात आखलेल्या त्या बाजारात फुले, केळी, भांडी, कपडे यांच्या रांगा ठरलेल्या आहेत, मधल्या वाटांवर छाया आहे, आणि शुक्रवारी गावोगावचे विक्रेते आपापला माल घेऊन बसतात. एकाच जागेचे रूप वारानुसार आणि प्रहरानुसार बदलते.

जुन्या घराला या वेळापत्रकात कोणते काम मिळते यावर त्याचे आयुष्य ठरते. व्यायामशाळेला कंपने होतात, घाम येतो, वातानुकूलन लागते. कौलारू, लाकडी छताच्या घराला यातले काहीच मानवत नाही. मेजवानीचे दालन आठवड्यातून एकदा गजबजते आणि सहा दिवस कुलूपबंद राहते. बंद घरात वाळवी कोणाच्या लक्षात येत नाही. कौल सरकले तर पाणी तुळईपर्यंत पोचेपर्यंत कळत नाही.

लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात सुमारे ६७ एकर रेल्वेच्या जुन्या जागेवर नवी वसाहत झाली. तिथे १८५२ चे एक प्रचंड धान्यकोठार होते. दुकाने उघडण्याच्या कितीतरी आधी, २०११ मध्ये, त्या कोठारात कलेचे महाविद्यालय आणले गेले. हजारो विद्यार्थी रोज त्या दारातून आत-बाहेर करू लागले आणि त्यानंतर भोवतालचे चौक, उपाहारगृहे, घरे यांना अर्थ आला. शेजारच्या कोळसा उतरवण्याच्या जुन्या इमारतींतील दुकाने २०१८ मध्ये उघडली. आधी रोजचा वापरकर्ता आणि मग बाजार, हा क्रम मला मोलाचा वाटतो. आपण बहुधा उलट करतो: आधी दुकाने विकतो आणि उरलेल्या जुन्या वास्तूचे काय करायचे याचा विचार शेवटी करतो.

मलेशियातील जॉर्ज टाऊनकडून वेगळा धडा मिळतो. तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून चालत आलेले भाडेनियंत्रण २००० मध्ये उठले. खाली दुकान आणि वर घर अशा जुन्या इमारतींतून राहणारी माणसे मोठ्या संख्येने बाहेर पडली. २००८ मध्ये शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हा इमारती होत्या, पण त्यांतील कितीतरी कारागीर आणि छोटे व्यापारी निघून गेले होते. मळ्यातली यांनी जे लिहिले ते त्याच आजाराचे लक्षण आहे.

सिंगापूरची एक गोष्ट मात्र आपल्या पावसाला अगदी योग्य आहे. १८२२ च्या नगररचनेपासून तिथे दुकानांपुढे पाच फूट रुंदीची छपराखालची सलग वाट ठेवण्याचा नियम आहे. तुमच्या वासरीच्या उंचीची, तिच्याशी जुळणारी पडवी नव्या दुकानांपुढून सलग नेली तर रस्त्यावरून येणारा माणूस न भिजता आतल्या इमारतींपर्यंत जाईल, आणि जुन्या घराचे माप नव्या बांधकामात आपोआप उतरेल. नव्या इमारतीवर खोटे सज्जे आणि प्लास्टरच्या कमानी लावण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

तुमच्या घरासाठी मी सुचवेन: दोन खोल्यांत एखाद्या डॉक्टरचा दवाखाना, माजघरात मुलांसाठी वाचनालय किंवा शिकवणीचा वर्ग, मागे काकूंचा संसार आणि वासरी सर्वांना खुली. दवाखान्यात सकाळ-संध्याकाळ माणसे येतात, वर्गात दुपारी मुले येतात, रात्री काकूंचा दिवा असतो. मोठे स्वयंपाकघर लागणारे उपाहारगृह घरात नको. धूर, तेल आणि गॅस यांचा लाकडी छताशी संबंध येऊ देऊ नये. ते नव्या इमारतीत ठेवा आणि त्याची बसायची जागा चौकाबाहेरच्या आवारात येऊ द्या.

आल्तिनकर | ६ जून, संध्याकाळी ६.४५

पारंब्या यांच्या मुद्द्याला पणजीतलेच उदाहरण जोडतो. मांडवीकाठचे जुने गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे, संकुल पाहा. १८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा या वास्तूशी जोडलेली आहे. २००४ मध्ये इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला तेव्हा ती जुनी इमारत आणि शेजारचा मॅकिनेझ पॅलेस सावरून घेतले गेले आणि त्याच आवारात नवे बहुपडदा चित्रपटगृह उभे राहिले. नव्याला जुन्याच्या मागे बसवण्याचा तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. नोव्हेंबरात चित्रपट महोत्सव आणि डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव असतो तेव्हा तिथल्या लांब दालनांतून फिरताना मन भरून येते. जानेवारीनंतर मी त्या रस्त्याने जातो तेव्हा त्या दालनांत तितकी माणसे दिसत नाहीत, याची खंत वाटते. मोठा उत्सव इमारतीला प्रतिष्ठा देतो, पण छपरातली गळती रोज येणाऱ्या माणसालाच आधी दिसते.

दस्तऐवज | ७ जून, सकाळी १०.३०

मी फोंड्याला वकिली करतो. करारापुरते लिहितो, प्रत्यक्ष मसुदा तुमच्या वकिलांकडूनच करून घ्या.

पहिली बाब सह्यांची. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेमुळे विवाहानंतर मालमत्ता सामान्यतः पती-पत्नी दोघांची होते, म्हणून अकरा सहहिस्सेदारांबरोबर त्यांच्या जोडीदारांच्याही सह्या लागतील. एक सही राहिली तर दहा वर्षांनी तीच अडचण होते. भाटात मुंडकाराचे, म्हणजे मालकाच्या संमतीने त्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, घर असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला संरक्षण आहे. घरात जुना भाडेकरू असेल तर १९६८ चा कायदा पाहावा लागेल. या माणसांना नकाशात आधीच मानाने जागा द्या.

दुसरी बाब घराच्या मालकीची. व्यावसायिक सुचवेल की घर सामायिक सुविधा म्हणून दाखवू. २०१६ च्या रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्यानुसार सामायिक भाग पुढे सदनिकाधारकांच्या संस्थेकडे जातात. त्यानंतर तुमच्या कुटुंबाचा त्यावर हक्क राहणार नाही आणि दर पावसाळ्यापूर्वी कौले शाकारण्याचा खर्च संस्थेच्या बैठकीत दर वर्षी वादाचा विषय होईल. माझ्या मते घर आणि त्याभोवतीचे अंगण यांचा वेगळा भाग पाडून घ्यावा, त्याची मालकी कुटुंबाकडेच ठेवावी आणि फक्त मागचे भाट विकासाला द्यावे. दवाखाना व वर्ग यांना जागा भाडेपट्ट्याने द्यावी. चवथीच्या दिवसांत वासरी आणि देवखोली कुटुंबाच्या ताब्यात राहील हे त्या भाडेपट्ट्यातच लिहावे, म्हणजे दर वर्षी कोणाला विनंती करावी लागणार नाही.

तिसरी बाब पैशांची. देखभालीसाठी ‘सर्वांनी सहकार्य करावे’ असे वाक्य कामाचे नाही. दुकानांच्या भाड्यातील ठरावीक टक्का घराच्या देखभाल निधीत जमा व्हावा आणि तो निधी वेगळ्या खात्यात असावा. शिवाय घराची दुरुस्ती पहिल्या टप्प्यात पूर्ण झाल्याशिवाय शेवटच्या इमारतीचा ताबा देता येणार नाही, असा क्रम बांधून घ्या. मी पाहिलेल्या प्रकरणांत जुन्या वास्तूचे काम शेवटी ठेवले जाते, आणि तोवर पैसे संपलेले असतात.

शेवटची गोष्ट: उंची, अंतर, पडवी, पाण्याची वाट हे सारे मंजूर नकाशातच दाखवा. रेराच्या १४ व्या कलमाप्रमाणे मंजूर आराखड्यात नंतर फेरबदल करायचा असेल तर दोन तृतीयांश सदनिकाधारकांची लेखी संमती लागते. तोंडी दिलेल्या शब्दाला असे कोणतेही संरक्षण नसते.

पर्वरीचा भाडेकरू | ७ जून, दुपारी २.१५

एक भर घालतो. सदनिकांपैकी काही लहान, एका शयनगृहाच्या ठेवता आल्या तर पाहा. सगळ्याच मोठ्या झाल्या तर त्या गुंतवणूक म्हणून घेतल्या जातात आणि वर्षातील बराच काळ बंद राहतात. मग पारंब्या म्हणतात तसे चारही प्रहर माणसांचे आवार कसे होणार? खालच्या दुकानांतही किराणा, औषधे, शिंपी यांना परवडतील असे दोन-तीन छोटे गाळे असावेत.

मळ्यातली | ७ जून, रात्री ८.००

वाहनांचा रस्ता घरासमोरून नेऊ नका, एवढे मात्र विसरू नका. जुन्या फाटकातून फक्त माणसांनी चालत यावे. गाड्या आणि अग्निशमनाचा बंब यांची वाट बाजूने, नव्या इमारतींकडे थेट जाणारी असावी. समोर गाड्या उभ्या राहिल्या की वासरीत बसणे संपते.

वासरी | १४ जून, रात्री १०.५०

आठवडाभर उत्तर देता आले नाही, कारण या धाग्याची छापील प्रत घेऊन आधी भावंडांशी आणि मग व्यावसायिकाशी बोललो. व्यावसायिकाची भाषा ऐकून घेण्याची होती हे मी आवर्जून नोंदवतो.

नवी इमारत घरापासून चार मीटरवरून अठरा मीटरवर गेली आहे. त्यासाठी तळघराचा विचार सोडला, मधली इमारत एका मजल्याने वाढवली आणि वाहने मागच्या दोन इमारतींच्या खांबांखाली घेतली. दृष्टिरेषा वाड्यावरच्या तिघांना बरोबर घेऊन तीन ठिकाणांहून मोजली. त्यांतील एक जागा शेजारच्या आजींनी दाखवली. जत्रेच्या दिवशी बोडगेश्वराच्या देवळाकडून परतताना घर पहिल्यांदा तिथून दिसते, असे त्या म्हणाल्या. त्या ठिकाणामुळे मधल्या इमारतीचा वाढवलेला मजला पुन्हा अर्ध्या भागात कमी करावा लागला, आणि आश्चर्य म्हणजे त्यावर कोणी वाद घातला नाही.

घर आणि अंगण कुटुंबाच्या नावे वेगळे राहील. काकूच्या तीन खोल्या तिच्या हयातीपर्यंत तिच्याच. दवाखान्यासाठी एका डॉक्टरांशी बोलणे सुरू आहे. देखभाल निधीचा टक्का अजून ठरलेला नाही. आम्ही मागतो तेवढा द्यायला व्यावसायिक तयार नाहीत आणि ते देतात त्यात पाच वर्षांनी छप्पर उतरवून नव्याने बसवता येणार नाही. तो मुद्दा सुटेपर्यंत सही करायची नाही, यावर अकराही जणांचे एकमत झाले आहे. पोर्तुगालमधल्या भावाने तर स्वतःहून दूरध्वनी करून माटोळीच्या कड्यांविषयी विचारले.

आता एक मदत हवी आहे. उत्तरेकडची भिंत मागे कोणीतरी सिमेंटने गिलावली होती. तो गिलावा काढून चुन्यात काम करणारे गवंडी आमच्या माहितीत कोणी उरलेले नाहीत.

चिरेबंदी | १५ जून, सकाळी ७.२०

गिलावा पावसात काढू नका. भिंत उघडी पडेल. गणपतीनंतर पाऊस ओसरला की काढा आणि चिरे उघडेच महिनाभर वाळू द्या. चुना मात्र आताच भिजत घालायला हवा, म्हणजे तोपर्यंत तो लोण्यासारखा मऊ होईल. माझ्याबरोबर काम करणारे दोन गवंडी सध्या दिवाडी बेटावर एका घराच्या आतल्या भिंतींचे काम करत आहेत. रविवारी सकाळी फेरीबोटीने पलीकडे या. त्यांचे काम डोळ्यांनी पाहा आणि चुन्याची टाकी किती मोठी लागेल हे तिथेच ठरवू.

वासरी | १५ जून, सकाळी ७.४५

येतो. काकूलाही घेऊन येतो. आजोबांच्या वेळी चुना कुठे भिजवत होते ती चुन्याच्या घाणीची जागा तिला आठवते.